चूक कोणाची?

शिक्षकाच्या नोकरीत एक खटला जवळजवळ रोज चालवावा लागतो. मधल्या सुट्टीची घंटा होते आणि दोन मुले धुळीने माखून समोर उभी राहतात. एकाचा डबा चेपलेला असतो, दुसऱ्याच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली असते, आणि दोघांचे म्हणणे एकच असते : "सर, आधी यानेच ढकलले!" वीस वर्षांच्या अनुभवाने या खटल्यावर मी एक साधा उपाय शोधून काढला आहे. दोघांना दोन कोपऱ्यांत बसवावे, हाती एकेक कागद द्यावा आणि सांगावे, "काय घडले तेवढेच लिही. तो मुलगा कसा आहे ते लिहू नकोस." थोड्या वेळाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले की बहुधा निकाल देण्याची गरजच उरत नाही. हा उपाय एके दिवशी मला स्वतःवरच करून घ्यावा लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. फत्तेगंजला सकाळची मिस्सा आटोपून मी आणि माझी पत्नी भाजी घेण्यासाठी खंडेराव मार्केटकडे गेलो. रविवारी सकाळी मार्केटभोवती जी दाटी असते ती बडोदेकरांना वर्णन करून सांगायला नको. हातगाड्या, स्कुटरी, रिक्षा आणि फुलांच्या टोपल्या यांतून वाट काढीत असता रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी उभी करण्याजोगी एक जागा मला दिसली. मी चाक डावीकडे वळवले, आणि त्याच क्षणी डाव्या अंगाने पुढे निघालेली एक रिक्षा आमच्या दाराला खरडत गेली. आमचे दार चेपले, बाजूचा आरसा निखळला. रिक्षाचा पुढचा दिवा फुटला आणि मडगार्ड वाकले. सुदैवाने कोणाला खरचटलेही नाही.

मी खाली उतरलो, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "डोळे आहेत की नाहीत?" रिक्षावाल्याला लागले का, हे मी विचारले नाही. सांगायला संकोच वाटतो. कारण अर्ध्याच तासापूर्वी, मिस्सेच्या आरंभी, मी चारचौघांबरोबर छातीवर हात मारून आपल्या चुकांची कबुली दिली होती. देवळात जी कबुली इतकी सहज देता येते, ती रस्त्यावर घशाशी अडकते, हा अनुभव मला त्या दिवशी आला.

रिक्षावाला तिशीच्या आतबाहेरचा तरुण होता. त्याचे म्हणणे असे की, मी डावीकडे वळण्याची खूण दिलीच नाही. माझे म्हणणे असे की, खुणेचा दिवा लावलेला होता आणि डाव्या बाजूने पुढे काढण्याचा त्याला अधिकारच नव्हता. त्याने दोन हजार रुपये मागितले. मी पोलिसांचे नाव घेतले. तेवढ्यात भोवती माणसे जमली आणि दोन मिनिटांत तीन निकाल लागले. पहिला निकाल असा की, मोठ्या गाडीवाल्याने भरून द्यावे. दुसरा असा की, रिक्षावाले नेहमीच असे घुसतात, तेव्हा चूक त्याचीच. तिसरा एका वृद्ध गृहस्थांनी दिला : "जवा दो ने, साहेब." म्हणजे, जाऊ द्या. या तिन्ही न्यायाधीशांत एक साम्य होते : टक्कर होताना त्यांच्यापैकी कोणीही ती पाहिली नव्हती!

इतक्यात माझ्या पत्नीने हळूच विचारले, "अहो, तुम्ही दिवा आधी लावला होता, की वळता वळता लावला?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाने मी गप्प झालो. दिवा लावला होता, हे खरे होते. परंतु चाक फिरवतानाच लावला होता, हेही तितकेच खरे होते. मागून येणाऱ्याला त्याचा उपयोग काय? आणि गंमत अशी की, त्या पाच मिनिटांत माझ्या मनाने 'वळता वळता' हे दोन शब्द गाळून टाकले होते. मी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हतो. माझी आठवणच माझे वकीलपत्र घेऊन उभी राहिली होती.

तेव्हा मला माझा शाळेतला उपाय आठवला. मी रिक्षावाल्याला म्हटले, "भाई, आधी सांगा, तुम्हाला कुठे लागले तर नाही ना? चूक कोणाची ते मागाहून पाहू. आता फक्त काय घडले ते लिहून ठेवू." खिशातल्या वहीत मी रस्त्याचा आराखडा काढला, दोन्ही गाड्या कोठे होत्या ते दाखवले, वेळ लिहिली. त्याच्या सांगण्यावरून त्याची हकीकत एका पानावर गुजरातीत उतरवली, माझी दुसऱ्या पानावर लिहिली. दोन्ही गाड्यांचे क्रमांक, चालविण्याच्या परवान्यांचे क्रमांक, विमापत्रांचे क्रमांक टिपून घेतले. गाड्या हलवण्यापूर्वी त्या जशा उभ्या होत्या तशी फोनवर छायाचित्रे काढली. समोरच्या फुलवाल्याने टक्कर पाहिली होती. त्याचे नाव त्याला विचारून लिहून घेतले. या सगळ्याला दहा मिनिटे लागली. नवल असे की, लिहिणे सुरू होताच गर्दीचा रस संपला आणि माणसे पांगली. भांडण पाहायला लोक थांबतात. कारकुनी पाहायला कोण थांबणार?

या सर्वांत एक गोष्ट मी केली नाही, आणि ती का करू नये हे मला नंतर नीट समजले. मी रस्त्यावर चूक कबूल केली नाही आणि पैसे देण्याचे वचनही दिले नाही. मोटारीच्या विमापत्रातील बारीक अक्षरांत एक अट असते : विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने जबाबदारी कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, देण्याचे वचनही देऊ नये. कारण उघड आहे. पैसे जर कंपनीने भरावयाचे, तर कबुली परस्पर आपण देऊन कसे चालेल? मात्र या अटीचा अर्थ 'खोटे बोला' असा नाही. 'निकाल देऊ नका' असा आहे. घडले ते जसेच्या तसे सांगणे ही एक गोष्ट आणि त्यावर शिक्का मारणे ही दुसरी. शाळेतल्या मुलांना मी नेमके हेच तर सांगत आलो होतो!

दुसऱ्या दिवशी विम्याचे काम पाहणाऱ्या एका परिचित गृहस्थांना मी भेटलो. त्यांनी हकीकत ऐकून घेतली आणि मोठ्या मायेने सल्ला दिला, "मास्तर, रिक्षाबिक्षा काही लिहू नका. लिहा की, कुत्रे आडवे आले, त्याला वाचवताना गाडी खांबाला घासली. काम सरळ होते."

हे कुत्रे, श्रोतेहो, आपल्या देशातील किती दाव्यांच्या कागदांतून आडवे गेले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. बिचारे भुंकत नाही, चावत नाही, साक्षीलाही येत नाही. त्याच्यामुळे कोणाचे वाईट होत नाही असे वाटते. मलाही क्षणभर मोह झाला. मग मी एक प्रश्न विचारला, "मी खरे लिहिले, अगदी माझी चूक आहे असे दिसण्याजोगे लिहिले, तर कंपनी पैसे देणार नाही काय?" गृहस्थ थोडे थांबले आणि म्हणाले, "तसे नाही. देईल."

या उत्तराने मी चकित झालो, आणि आजच्या भाषणात सांगण्यासारखे जे आहे ते हेच आहे. म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. हा कायद्याने सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा १९३९ साली झाला आणि या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९८८ च्या सध्याच्या कायद्यातही ती कायम आहे. विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक आहे. ज्याने केवळ सक्तीचा विमा घेतला आहे, त्याला स्वतःच्या चेपलेल्या दारासाठी एक पैही मिळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा सक्तीचा विमा तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे "माझा विमा चालू आहे" अशा समजुतीत राहून दुसरा भाग केव्हाच संपल्याचे अनेकांना टक्कर झाल्यावर कळते. आज घरी गेल्यावर आपले विमापत्र काढून दोन्ही भागांच्या तारखा पाहा, एवढी माझी विनंती आहे.

आता चुकीचा प्रश्न कोठे येतो ते पाहा. पहिल्या भागात तो येतो. दुसऱ्याने आपल्याकडून भरपाई मागितली, तर आपल्या हातून निष्काळजीपणा घडला का, हे त्याला दाखवावे लागते. मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून मालकावर भरपाईचा बोजा पडत नाही. ज्या घरातील माणूस रस्त्यावर गेला त्यांनी पुरावा कोठून आणावा, हा प्रश्न मग उभा राहिला. म्हणून १९८२ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास, चूक कोणाची हे न पाहता, एक ठरावीक रक्कम देण्याची सोय केली. जेथे जीव जातो तेथे कायद्यानेही 'चूक कोणाची' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु दिवे आणि दारे फुटण्याच्या लहान अपघातांत तो प्रश्न अजून उभा आहे, आणि त्याचे उत्तर गाडीच्या आकारावर अवलंबून नाही. 'मोठ्याने भरावे' हा गर्दीचा नियम, कायद्याचा नव्हे. पुढे काढायचे ते सामान्यतः उजव्या बाजूने, आणि दिशा बदलण्यापूर्वी वेळेवर खूण द्यायची, असे वाहन चालविण्याचे नियम आहेत. आमच्या टकरीत पहिला नियम त्याने मोडला होता, दुसरा मी. चूक दोघांत वाटली जाऊ शकते, हेही न्यायालये मानतात.

दुसऱ्या भागात मात्र, म्हणजे माझ्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात, चूक माझी की त्याची याने सहसा फरक पडत नाही. परवाना वैध असावा, चालक मद्याच्या अमलाखाली नसावा, गाडीचा उपयोग ठरल्याप्रमाणे असावा, अशा अटी असतात. पण साध्या गफलतीने दार चेपले तर कंपनी पैसे देते. किंबहुना माणसाच्या हातून गफलत होते म्हणूनच तर विमा असतो! निर्दोष असण्याची अट विमापत्रात नाही. खरे सांगण्याची आहे. विम्याचा सगळा करार परस्पर विश्वासावर उभा असतो आणि हकीकत खोटी ठरली तर सबंध दावा नाकारला जाऊ शकतो.

म्हणजे पाहा, ते कुत्रे आणून मला एका रुपयाचाही फायदा नव्हता. झाला तर तोटाच होता. उद्या रिक्षावाल्याने भरपाई मागितली असती तर त्याच्या कागदात माझी मोटार आणि माझ्या कागदात कुत्रे, असा प्रकार झाला असता. मग आपण ते कुत्रे का आणतो? मला वाटते, पैशासाठी आणत नाही. 'माझे चुकले' हे चार ओळींत लिहिणे जड जाते म्हणून आणतो. आपला अभिमान वाचवण्यासाठी आपण एक मुके जनावर पुढे करतो.

मी कंपनीला लेखी कळवले, त्यात रिक्षा लिहिली आणि 'खुणेचा दिवा वळतानाच लावला' हेही लिहिले. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर घटनास्थळी पोलीस नसल्यास जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, कळवावे आणि विमा कंपनीलाही कळवावे, असे कायदा सांगतो. त्याप्रमाणे ठाण्यात नोंद मी रविवारीच केली होती.

यानंतर दावा करावा की नाही याचा हिशेब मांडला. तो आपल्यालाही उपयोगी पडेल. दुरुस्तीचा अंदाज ९,००० रुपयांचा होता. पैकी ३,००० रुपये प्लास्टिकच्या वस्तूंचे. त्यांवर प्रचलित पद्धतीप्रमाणे निम्मी घट धरतात, म्हणजे १,५०० गेले. लहान इंजिनाच्या मोटारीला पहिले १,००० रुपये मालकानेच सोसावयाचे असतात. रंगाच्या साहित्यावरही थोडी घट धरतात. हाती सहा हजारांच्या आसपास येणार. उलट बाजूला दावा न करण्याबद्दलची सूट. ही सूट वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते आणि दावा केला की शून्यावर येते. मी ३५ टक्क्यांवर होतो, पुढच्या वर्षी ४५ वर गेलो असतो. माझ्या गाडीच्या ऐच्छिक विम्याचा हप्ता ढोबळ मानाने ५,००० धरला, तर पहिल्या वर्षी २,२५०, मग १,५००, मग १,२५०, मग ७५० आणि २५० असे पाच वर्षांत ६,००० रुपये गेले असते. मिळणार सहा आणि जाणार सहा! मी गाडीच्या दुरुस्तीचा दावा केला नाही. नुकसान मोठे असते तर अवश्य केला असता. लहान टकरीत आधी असा हिशेब मांडावा. मात्र दावा करा वा न करा, कंपनीला कळवावे. आणि दावा करूनही कंपनीचा निर्णय अन्यायाचा वाटला, तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास अहमदाबादला विमा लोकपालांचे कार्यालय आहे, तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही.

राहिला रिक्षावाला. त्याचे काम १,६०० रुपयांचे होते. एवढ्यासाठी न्यायाधिकरणाची पायरी कोण चढणार? त्याला ते परवडणारे नव्हते आणि हे मला ठाऊक होते, हीच माझी अडचण होती. न्याय मागण्याचे बळ ज्याच्यापाशी नाही, त्याच्यापुढे गप्प बसणे सोपे असते. कंपनीच्या कार्यालयात मी विचारले. तुम्ही आमच्याकडून काही मागत नसाल, तर स्वतःच्या खिशातून मिटवण्यास हरकत नाही, असे त्यांनी अर्जावर लिहून दिले. दोघांच्या सहीचा कागद मात्र करून ठेवा, म्हणाले.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी स्टेशनजवळच्या त्याच्या थांब्यावर गेलो. वहीतील दोन्ही पाने त्याला वाचून दाखवली. माझ्या पानावरील दिव्याची ओळ ऐकून तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमची गाडी हळू झालेली मी पाहिली होती. वाटले, निघून जाईन." निम्मे निम्मे सोसावे असे ठरले. मी आठशे रुपये मोजले. ते हाती घेऊन तो सहज म्हणाला, "दोन दिवस रिक्षा दुरुस्तीत होती. मालकाचे भाडे तर द्यावेच लागले."

या वाक्यात तक्रार नव्हती, मागणीही नव्हती. पण माझ्या हिशेबाच्या कागदावर घट होती, सूट होती, हप्ता होता. त्या दोन दिवसांच्या कमाईसाठी रकानाच नव्हता. मी आणखी आठशे रुपये दिले. हे औदार्य मुळीच नव्हते. जमाखर्चात राहून गेलेली ती एक रक्कम होती. पुरी फेड झाली, कोणाला इजा नाही, असे दोन ओळींत लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या.

श्रोतेहो, गाड्या वाढल्या, रस्ते तेवढेच राहिले. आज ना उद्या आपल्यापैकी कोणाच्या तरी दाराला कोणाचे तरी मडगार्ड लागणारच. तेव्हा 'चूक कोणाची' हा प्रश्न पहिला विचारू नका. पहिला प्रश्न 'लागले का?' हा असावा, दुसरा 'काय घडले?' हा असावा. या दोहोंची उत्तरे प्रामाणिकपणे लिहिली गेली की तिसऱ्याचे उत्तर बहुधा आपोआप सापडते. आणि ते आपल्या विरुद्ध निघाले, तरी फार मोठे संकट कोसळत नाही. एक दार चेपते, ते दुरुस्त होते.

आमचे दार आता दुरुस्त झाले आहे. रंग मात्र किंचित वेगळा दिसतो. नवीन रंग द्यावा असे पत्नीचे म्हणणे आहे. मला वाटते, राहू द्यावा. डावीकडे वळताना तो आरशात दिसतो आणि हात आधी खुणेच्या दिव्याकडे जातो.